सवतीची तुटक रेषा

सोमवार, ५ फेब्रुवारी २००१

ही डायरी आमच्या ह्यांच्या फॅक्टरीतल्या युनियनने वाटलेली. जानेवारीची पाने कोरीच गेली, कारण लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. आज घडले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा नोकरीला लागले.

सरकारी जलसंशोधन कचेरीत मी एकोणतीस वर्षे अनुरेखक होते. म्हणजे सर्वेक्षणवाल्यांनी पेन्सिलीने काढून आणलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा. मग कॉम्प्युटर आले, आमची टेबले हलली आणि गेल्या वर्षी मला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कोणाची, हे त्या पत्रात लिहिले नव्हते. आता त्याच कॉम्प्युटरवाल्यांना आमचे जुने नकाशे वाचता येईनात, तेव्हा त्यांना माझी, ओव्हाळबाईंची, आठवण झाली. मला बरे वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल.

ऑफिस एका खासगी नकाशावाल्या फर्मचे, बाणेर रस्त्याला. विश्रांतवाडीहून दोन बस. आत इतके गार की उद्यापासून स्वेटर न्यायचा. टीमची प्रमुख कल्याणी नावाची मुलगी, वय अठ्ठावीस. मला मॅडम म्हणते. एकोणतीस वर्षांत मला मॅडम कोणी म्हटले नव्हते.

तिने परीक्षा म्हणून एक नकाशा पडद्यावर गिरवायला दिला. माउस हातात बसायला अर्धा तास लागला, मग बसला. एका ठिकाणी मूळ रेषा तुटक होती, ती मी ओघात जोडून टाकली. कल्याणी म्हणाली, "मॅडम, ही डॅश्ड होती ना?" मी म्हटले, "हाताची सवय. तुटक रेषा बघितली की मला काम अर्धवट वाटते." पुन्हा तुटक करून दिली. बाकी कामावर ती खूष.

बुधवार, ७ फेब्रुवारी

काम काय ते आज कळले.

कोकणात तवसडे नावाचे गाव आहे. तिथल्या खाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली, वाळूचा दोन मैल लांब दांडा पसरला आहे. भरतीला दिसत नाही, ओहोटीला नुसता फेस दिसतो. गावातल्या बायका त्याला 'सवत' म्हणतात, कारण खूप जणींचे नवरे तिने ठेवून घेतले. मिठाचे मचवे, मंगलोरी कौलांची गलबते आणि १९११ साली एक आगबोट, एक्केचाळीस माणसांसकट. १८८६च्या इंग्रजी नकाशाची आमच्याकडे जी प्रत आहे, तिच्यावर मागाहून प्रत्येक बुडालेल्या जहाजाची एक बारीक फुली घातलेली आहे. मी भिंग घेऊन मोजल्या. एकोणीस.

आता एका खासगी कंपनीला तिथे बंदर बांधायचे आहे. मोठी जहाजे आत यायची तर दांडा मधोमध कापून खोल चर खणावा लागेल. गावाचे म्हणणे, दांडा आहे म्हणून समुद्राची लाट आधी तिथे फुटते आणि गाव वाचते, त्याला हात लावू नका. सरकारने कंपनीला एकच प्रश्न विचारला आहे: दांडा जागचा हलतो का? एका जागी राहणारा असेल तर चर टिकेल आणि उरलेला दांडा गावाला आडोसा देत राहील, मग परवानगी. हलणारा असेल तर नाही. जुने नकाशे एकावर एक ठेवून हे उत्तर कंपनीसाठी आम्ही द्यायचे.

म्हणजे मीच द्यायचे, कारण खोलीच्या वाव आणि फूट या जुन्या मापांत बाकी सगळ्यांना फेफरे येते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज डोळ्यांत पाणी आले, तेही एसीमध्ये.

कचेरीतून १९७२चा नकाशा आला. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अनुरेखक: शै. ओ.' माझी नोकरीतली चौथी शीट! पहिल्या तीन हेड ड्राफ्ट्समननी परत केल्या होत्या. ही त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली. अकरा वर्षे तिथे होती. नव्या मुलांना दाखवत, "अशी रेषा पाहिजे."

मी ती १८८६च्या नकाशावर पडद्यावर ठेवली. दांड्याची कड दोन्हींत तंतोतंत एक. मधे शहाऐंशी वर्षे गेली, तरी केसाचा फरक नाही. कल्याणी दोनदा झूम करून बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, इतकं परफेक्ट? रिअल डेटा असा नसतो हो." मी म्हटले, "असतो, काम करणारा हात असेल तर."

घरी ह्यांना सांगितले. हे भाजीत मीठ घालत होते. म्हणाले, "समुद्रसुद्धा तुला घाबरून जागचा हलला नाही म्हणायचा."

मंगळवार, २७ फेब्रुवारी

उपग्रहाचे चित्र आले. त्यात पाण्याखालचा दांडा दिसत नाही, पण लाटा फुटतात तो पांढरा फेस दिसतो. तो फेस माझ्या रेषेवर पडायला हवा. पडला भलतीकडे, पार दक्षिणेला.

कल्याणी म्हणाली, "सँडबँक सरकलीये वाटतं." मी म्हटले, "दांडा कसला सरकतो, तुमचे चित्र तिरके बसले आहे. दोन वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी मोजलेले नकाशे एक बोलतात, आणि हे आकाशातून काढलेले एकटेच वेगळे. मग चूक कोणाची?" तिला ते पटले. मी समजावून सांगितले की पटते.

तिने चित्र उचलून फेस माझ्या रेषेवर बसवला. पण त्याबरोबर किनाराही सरकला आणि तवसड्याचे देऊळ समुद्रात गेले. सगळे हसलो. मग तिने चित्र किनाऱ्यावर कापले आणि फक्त समुद्राचा तुकडा सरकवला. देऊळ जमिनीवर, फेस रेषेवर. संध्याकाळपर्यंत सगळे जुळले. चहाबरोबर मी सगळ्यांना खारी बिस्किटे दिली.

सोमवार, १२ मार्च

अहवाल गेला. शेवटचे वाक्य असे: 'एकशे पंधरा वर्षांत दांड्याच्या कडेत लक्षणीय बदल आढळत नाही.' कंपनीचे इंजिनिअर दिग्विजय साहेब स्वतः आले. माझ्या शीटची मोठी प्रत काढून ते मुंबईला दाखवायला नेणार आहेत. "बाई, तुमच्या एका रेषेने आमचं काम केलं," म्हणाले. टाय घातलेला माणूस माझ्यासमोर उभा राहून बोलत होता आणि मी बसलेली होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मंगळवार, ३ एप्रिल

तवसड्याची माणसे आली होती, सात जण. रात्रभर एसटीने. नियमाप्रमाणे अहवालाआधी त्यांचे म्हणणे ऐकायचे असते. अहवाल जाऊन तीन आठवडे झाले, तरी ऐकले.

त्यांच्यात द्वारका तांडेल नावाची बाई. माझ्याच वयाची, नऊवारी, हातात नारळाची पिशवी. हिचा आजा आगबोटीवर होता आणि नवरा नव्वद साली गेला, दोघेही त्याच दांड्यावर. मला वाटले ही म्हणेल, कापा एकदाची.

ती म्हणाली, "सवत हाय, पण आमच्या दारात उभी हाय म्हनून दर्या आत येत नाय. तिच्या आडोशाला पुळनीवर कासवं येतात, पोरं खेळतात. आन् ती एका जागी ऱ्हवत नाय, साहेब. पावसाळा सरला की आमी देवळाच्या माडाखाली उभं ऱ्हवून बघतो, औंदा कुठं गेली. माझ्या आईच्या वक्ताला देवळासमोर व्हती. आता स्मशानासमोर हाय."

दिग्विजय साहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसले आणि तिला नकाशा दाखवला. नीट, समजावून, हा इंग्रजांचा, हा माझा. ती बराच वेळ माझ्या रेषेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे तुमी काढलंव? लय सुरेख हाय." आणि पिशवीतले दोन नारळ माझ्या टेबलावर ठेवून गेली.

माडाखाली उभे राहून मोजता आले असते तर आमच्या कचेरीने लाँच कशाला घेतली असती? पण नारळ घरी आणले, ते अजून फोडलेले नाहीत.

रविवार, २२ एप्रिल

लोणी काळभोरला हिंमतरावांकडे जाऊन आले. कचेरीच्या लाँचवर ते शिसे टाकायला असत. दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचा आणि खोली ओरडून सांगायची, हे त्यांचे काम. आता मळ्यात असतात. तवसड्याच्या सर्व्हेला ते होते. म्हटले, त्या बाईच्या बोलण्याचा एकदा कायमचा निकाल लावावा. मनाला लागून राहिले होते.

मी शीटची प्रत उलगडली. हिंमतरावांनी चष्मा लावला, बोटाने खाडी शोधली, दीपस्तंभ शोधला, दांड्यावर आले आणि थांबले.

"ही रेघ कुनी काढली?"

"मी."

"न्हाई, म्हंजी, मोजली कुनी?"

"तुम्हीच ना."

"आवो बाई, तितं आमी गेलोच न्हाई! लाटा फुटत व्हत्या अशा माडाएवढ्या. लाँच पालथी झाली असती. चार दिस वाट बघितली. मग साहेब म्हनले, जाऊ द्या, जुन्या नकाशातली रेघ हाय ती घ्या आन् टिंबटिंब करा, म्हंजी कळंल की आपन मोजली न्हाई." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "टिंबं कुटं गेली?"

वहिनींनी चहा दिला. मी तो प्यायले. कैऱ्या बांधून दिल्या त्या घेतल्या. हडपसरपर्यंत काहीच आठवले नाही, आणि मग सगळे आठवले.

फील्ड शीटवर टिंबेच होती. शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, 'जुन्या नकाशाप्रमाणे'. मी बावीस वर्षांची. माझ्या तीन शीट परत आलेल्या, तिन्हींवर लाल शाईने एकच शेरा, 'काम अर्धवट'. मागच्या टेबलावरून मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात कोणीतरी म्हणे, "राखीव जागेवरची आहे, असंच चालायचं." चौथ्या शीटवर मी ती टिंबटिंब रेषा बघितली आणि ठरवले की हिच्यात कोणाला काहीही अर्धवट सापडणार नाही. निब बुडवली आणि एका दमात सलग ओढली. शेजारचा शेरा तर ट्रेस करायचा नसतोच.

म्हणून केसाचा फरक नव्हता. मी माझी रेषा इंग्रजांच्या रेषेशी जुळवून बघितली, आणि ती इंग्रजांचीच होती.

शुक्रवार, २७ एप्रिल

एका रेषेने काय होते? अहवालात इतर चाळीस पाने आहेत. शिवाय अकरा वर्षे भिंतीवर होती, साहेब लोक रोज बघत. त्यांच्या लक्षात आले नाही ते माझे कसे पाप?

हे वाक्य मीच लिहिले आहे आणि मलाच पटत नाही.

सोमवार, ७ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गर्दी. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटे न बोलण्याच्या, माझा आवाज बाहेर पडला नाही. शेजारी हे मोठ्याने म्हणत होते, त्यामुळे कोणाला कळले नाही.

घरी येऊन ह्यांना सगळे सांगितले. वाटले, एखादा टोमणा येईल. हे आत जाऊन कोयता घेऊन आले. मग म्हणाले, "शैला, त्या वेळी तू रेषा जोडलीस ती नोकरी टिकवायला. मी तुझ्या जागी असतो तर मीपण जोडली असती. पण आता कोण तुला काढणार आहे? आणि काढलं तर काढलं, हा स्वेटर तरी सुटेल."

मग त्यांनी द्वारकाबाईंचा नारळ फोडला. खोबरे गोड होते.

बुधवार, ९ मे

कल्याणीला सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, क्लायंट मला मारेल. इमेज मी हलवली. तुम्ही नुसतं म्हणालात, पण हलवली मीच ना? एक मिनिट." तिने समुद्राचा कापलेला तुकडा उचलला आणि मूळ जागी परत ठेवला.

फेस स्मशानासमोर जाऊन थांबला. देवळासमोर नुसते निळे पाणी. माझ्या रेषेपासून मोजले, सहाशे दहा मीटर.

द्वारकाबाईंनी माडाखाली उभे राहून सांगितले होते ते हेच. आम्ही दोघी शिकलेल्या बायांनी कात्रीने समुद्र कापून तो माझ्या सहीखाली आणून बसवला होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. मागच्या टेबलावरची माणसे बोलत तेव्हा मला राग यायचा, लाज नाही.

कल्याणी म्हणाली, "आपण साइलेंटली रिव्हाइज्ड व्हर्जन पाठवू या का? कारण न देता?" मी म्हटले, "नाही. कारण दिले नाही तर ते म्हणतील, जुना नकाशा खरा आणि उपग्रह तिरका. मीही हेच म्हणत होते. माझ्या तोंडाने सांगावे लागेल."

शुक्रवार, ११ मे

शेवटची बैठक. सरकारचे अधिकारी, दिग्विजय साहेब, तवसड्याची माणसे. भिंतीवर माझी शीट, चार फूट मोठी केलेली. पुन्हा भिंतीवर.

दिग्विजय साहेबांचे बोलणे होऊ दिले, मग उठले. लाल मार्कर घेतला, स्टुलावर चढले आणि दांड्याच्या कडेवर, माझ्या त्या सुरेख रेषेवर, आडव्या रेघा मारत गेले, इथून तिथपर्यंत, तुटक होईपर्यंत. मार्करचा आवाज तेवढा येत होता.

"ही रेषा १९७२ साली कोणी मोजलेली नाही," मी म्हटले. "लाँच तिथे गेली नव्हती. सर्वेक्षकाने टिंबे दिली होती, ती मी जोडली. नकाशा सुंदर दिसावा म्हणून, आणि मला कोणी अर्धवट म्हणू नये म्हणून. १८८६ नंतर हा दांडा आजपर्यंत कोणीही मोजलेला नाही. तुम्ही माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून गावासमोरचा बांध कापायला निघाला आहात."

दिग्विजय साहेब म्हणाले, "बाई, एवढ्या वर्षांनी तुमच्या स्मरणावर—"

"स्मरणावर नको. फील्ड शीट कचेरीच्या तळघरात आहे, कपाट नऊ, मीच लावली आहे. मागवा. नाहीतर बोट घेऊन जा. ह्या खेपेला लाटा असल्या तरी जा."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतले. कंपनीच्या खर्चाने नवीन मोजणी, पावसाळ्यानंतर. तोपर्यंत परवानगी नाही.

बाहेर जिन्यात द्वारकाबाई भेटल्या. मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्याच आधी म्हणाल्या, "म्हंजे तीस वरसं तुमी तिला तितं बांधून ठेवली व्हतीत व्हय? मलाच वाटत व्हतं आमच्या डोळ्यांत कायतरी झालं." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला आधी रडू आले, मग मीही हसले.

गुरुवार, २० डिसेंबर

इतके महिने काही लिहिले नाही. नोकरी गेली नाही. दिग्विजय साहेब आता माझ्यासमोर उभे राहत नाहीत, बसूनच बोलतात. हिशेब बरोबर झाला.

नवीन मोजणीची पत्रके आज आली. दांडा देवळासमोर नाही. स्मशानाच्याही थोडा पुढे गेला आहे. कल्याणीने तिन्ही काळ एकावर एक ठेवले, १८८६, उपग्रह आणि आजचा. तो चालतो, हळूहळू, दक्षिणेला, गावाच्या पुढून पहारेकऱ्यासारखा. कंपनीने चर खणायचा बेत सोडला, जेटीसाठी दुसरी जागा बघत आहेत. अधिकाऱ्यांचा शेरा आहे की दांड्याची वाळू उचलू नये आणि दर पाच वर्षांनी तो मोजावा. एकोणीस फुल्याही नवीन नकाशावर घ्यायच्या आहेत. त्या मी सकाळीच घातल्या, एकेक करून. नव्वद सालच्या होडीची नव्हती. द्वारकाबाईंना फोन करून जागा विचारली आणि विसावी घातली.

दुपारी दांड्याची कड गिरवायला घेतली. सुरेख जात होती. मधे एका ठिकाणी आकडे संपले. तळहाताएवढी जागा पत्रकावर कोरी, आणि सर्वेक्षकाचा शेरा: 'लाटा. बोट नेता आली नाही.' पलीकडे आकडे पुन्हा सुरू.

कल्याणी खुर्ची ओढत आली. "मॅडम, एवढंच ना? सॉफ्टवेअर भरून देईल, एक क्लिक. कोणाला कळणार पण नाही." मग तिचे तिलाच कळले, आणि तिने जीभ चावली.

माउसवर माझा हात होता. दोन्ही टोके समोरासमोर, मधे एवढीशी फट, आणि ती कशी वळणार ते मला डोळे मिटून दिसत होते. बोट शिवशिवले. तिथे मी काहीही काढले नाही. दोन्ही टोके तशीच सोडली, मधल्या कोऱ्या जागेत लिहिले, 'येथे मोजलेले नाही', आणि खाली कोपऱ्यात 'शै. ओ.'

कल्याणी पडद्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला अर्धवट नाही वाटत?"

"वाटते ना," मी म्हटले, आणि शीट छपाईला पाठवली.